काकूंची फ्रेंच विहीण

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंशी ज्याचं भांडण झालेलं नाही असा माणूस न्यू जर्सीतल्या आमच्या पार्सिपनीत शोधूनही सापडला नसता, आणि सापडलाच तर तो आदल्या दिवशी राहायला आलेला असणार. मेथीच्या जुडीवरून त्या दुकानदाराशी भांडायच्या, मंडळाच्या गणपतीत मोदकाच्या कळ्यांवरून भांडायच्या. बर्फ काढणाऱ्या माणसाने एकदा त्यांच्या गाडीपुढचा बर्फ उचलून आमच्या गाडीपुढे लोटला, तर त्या आमच्या बाजूने त्याच्याशी भांडल्या. माझ्याशी तर रोजचंच. मला बोलवायचं असलं की फोन करायचा नाही, बत्ता घेऊन जमिनीवर, म्हणजे आमच्या छतावर ठोकायचं. मी हातातलं काम टाकून वर गेलंच पाहिजे. एकदा नाही गेले, तर ठोकून ठोकून आमच्या स्वयंपाकघरातला दिवा निखळला, आणि वर मलाच, ‘‘दिवे नीट बसवून घेत जा ग.’’ त्याचा राग मला अजून येतो.

ही गोष्ट दोन हजार चार सालची. काकूंची एकुलती एक सायली, जन्मापासून इथलीच, कॉलेजतर्फे एका सेमिस्टरसाठी फ्रान्सला, लिऑनला निघाली. राहायचं होतं एका फ्रेंच कुटुंबात. हे कळलं आणि काकू कामाला लागल्या. माझ्या सुट्टीच्या दिवशी मला एडिसनच्या देशी दुकानांत ओढत नेलं आणि सिल्कची साडी, खण, नारळ, हळकुंड, सुपाऱ्या, शिवाय घरच्या यजमानांसाठी टॉवेल आणि जरीची टोपी अशी खरेदी केली.

‘‘काकू, ती शिकायला चाललीय, सासरी नाही,’’ मी म्हणाले.

‘‘एकच ते. दुसऱ्याच्या घरात राहायचं, दुसऱ्याच्या हातचं खायचं, म्हणजे मानपान आलाच.’’

बॅगेत हे सगळं मावेना, तर सायलीचे बर्फातले बूट बाहेर काढले. ‘‘आई, दे वोन्ट गेट इट,’’ सायली म्हणत होती. ‘‘न कळायला काय झालं? बाईमाणूसच आहे ना ती?’’ असं म्हणत काकूंनी बॅगेवर बसून चेन लावली.

आता मान दिला की समोरून मान यायला हवा. निदान एक फोन, साडी पोचली, पोर पोचली, काळजी करू नका. काकू वाट बघत बसल्या. आला तो सायलीने पाठवलेला फोटो. साडी जेवणाच्या टेबलावर अंथरलेली, तिच्यावर वाइनची बाटली, आणि शेकोटीच्या वरच्या फळीवर नारळाला जरीची टोपी घातलेली. काकूंनी तो फोटो माझ्याच कॉम्प्युटरवर पाहिला आणि जसा काही मीच तो नारळ तिथे ठेवला होता अशी माझ्याकडे नजर टाकली.

मग माझे खरे भोग सुरू झाले. पुण्यात कॉलेजात मार्क बरे पडतात म्हणून मी दोन वर्षं फ्रेंच घेतलं होतं. त्याची शिक्षा म्हणून दर शनिवारी दुपारी मला वर बसवून लिऑनला फोन लागायचा. ‘‘विचार तिला,’’ काकू म्हणायच्या, ‘‘सकाळी पोरीपुढे नुसता पाव टाकतेस? गरम काही करायला हात मोडतात का?’’ मी त्या घरच्या बाईंना, मादामना, सांगायचे, काकू तब्येतीची चौकशी करतायत. मादाम काही कमी नव्हत्या. त्या फणकारायच्या, या बाईला नेमका माझ्या जेवणाच्या वेळीच फोन करायचा असतो का? मी काकूंना सांगायचे, नमस्कार कळवलाय. ‘‘एवढी कडकड बोलली ती, आणि नमस्कार?’’ काकू माझ्यावरच उखडायच्या. एकीचं ऐकायचं, दुसरीचं गिळायचं आणि वर दोघींचा संशय माझ्यावर. मला काय पडलं होतं? पण सोमवार उजाडला की काकू न मागता पुरणपोळ्या आणून द्यायच्या, आणि त्या पोळ्यांना नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

फेब्रुवारीत एका शनिवारी सायलीच फोनवर आली आणि तिचा घसा बसलेला निघाला. काकूंनी खोदून खोदून विचारलं तेव्हा तिने कबूल केलं की आठवडाभर फ्लूने अंथरुणात होती. ‘‘बट आय ॲम फाइन नाउ, आई.’’ काकूंनी फोन ठेवला आणि काकांना हुकूम सोडला, ‘‘तिकीट काढा.’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘पुन्हा लाव. त्या बाईला सांग, पोर आजारी पडली तरी कळवत नाहीस, तर ठेवूच नकोस. बसवून दे विमानात.’’

काका मुकाट्याने एजंटचा नंबर शोधायला लागले. पोरीचं सेमिस्टर बुडणार होतं, आणि आईशी ती पुन्हा धड बोलली असती की नाही, देव जाणे. माझं डोकंच फिरलं.

‘‘नाही सांगणार,’’ मी म्हणाले. ‘‘कमाल आहे तुमची. ताप आला, गेला. कुणाला येत नाही? तेवढ्यासाठी तिचं सगळं पाण्यात घालायचं?’’

आता माझी धडगत नाही असं वाटलं. पण काकू खुर्चीत बसल्या.

‘‘आम्ही या देशात आलो तेव्हा थोरल्या दिरांकडे होतो. यांची नोकरी लांब, शनिवार-रविवारी यायचे. त्या थंडीत मी तापाने फणफणले होते. जाऊ दाराशी येऊन विचारायची, भांडी झाली का? बरं वाटतंय का, हे कुणी विचारलं नाही. म्हणून साडी दिली ग तिला. मान दिला की माणूस विचारतं, असं वाटलं.’’

माझा राग गेला नाही. पण मी फोन लावला आणि सरळ विचारलं, कळवलं का नाही? मादाम कडाडल्या. सूप करून पाजलं, डॉक्टरला घरी आणलं, रोज तिच्या उशाशी बसले. फोन करायला उठले तर पोरीने हात धरला, आईला कळलं तर ती मला परत नेईल म्हणाली. ‘‘सांग तुझ्या काकूला, या मुलीला तापापेक्षा आईची भीती जास्त आहे.’’

या वेळी मी शब्दसुद्धा बदलला नाही. सगळं जसंच्या तसं सांगितलं, आणि रागानेच सांगितलं. काकांनी नंबर शोधणं थांबवलं.

‘‘विचार तिला,’’ काकू म्हणाल्या, ‘‘सुपात मिरं घातलं होतं का?’’

‘‘म्हणजे काय? घातलंच होतं,’’ मादाम तिकडून तुसडेपणाने म्हणाल्या. काकूंनी मान हलवली. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही.

मे महिन्यात सायलीचा फोन आला, आणखी एक वर्ष तिथेच शिकणार, त्याच घरात राहणार. काकांना तिने आधी सांगितलं होतं, आणि भांडण होणार म्हणून त्यांनी मला वर बोलावून ठेवलं होतं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. ‘‘बरं. राहा,’’ म्हणाल्या आणि फोन ठेवून मटार सोलायला बसल्या. इतकी वर्षं ज्यांच्या भांडणांचा मला वैताग यायचा, त्या बाईचं ते गप्प बसणं मला अजिबात बघवेना.

‘‘भांडा ना तिच्याशी, काकू,’’ मी म्हणाले.

‘‘कशाला?’’ शेंग मोडत त्या म्हणाल्या. ‘‘तिला विचारणारं आहे ना तिथे कुणीतरी.’’