होम प्लेटवर उभी असलेली व्हॅन

ऐका ना, आज भारी झालं.

तुम्हाला माहितेय, मी जुन्या स्टेडियमचे व्हिडिओ टाकते. त्यात मी बोलत नाही, फक्त टेक्स्ट असतं. अनोळखी माणसांशी बोलायचं म्हटलं की माझी वाट लागते. हायस्कूल सोडलं तेही त्यामुळेच.

आज बाबांनी मला एका जुन्या बेसबॉल स्टेडियमच्या जागी सोडलं. ते पाडून आता तिथे पार्किंग लॉट केलाय. पण होम प्लेट, म्हणजे बॅटर उभा राहायचा ती जागा, जमिनीत अजून मार्क करून ठेवलीय. मला तीच शूट करायची होती. आणि नेमकी तिच्यावर एक मोठी व्हॅन!

आत एक काकू फोनवर बोलत होत्या, इथे परदेशात चक्क मराठीत. मी तीन चकरा मारल्या. मग केली एकदाची काचेवर टकटक.

"काकू, गाडी थोडी मागे घ्याल?"

"का गं? ठोकलीस की काय?"

"नाही, खाली होम प्लेट आहे."

काकूंनी उतरून वाकून बघितलं. "अगंबाई, मी टायर ठेवलाय की वर!"

गाडी मागे घेऊन त्यांनी विचारलं, "कॉलेजला आहेस?"

"नाही. शाळाच सोडली."

आता लेक्चर येणार असं वाटलं.

"बरं. मग फर्स्ट बेस कुठे होता?"

मी गाड्यांमधून चालत, बोलत त्यांना फर्स्ट बेस, म्हणजे बॅटर आधी धावत जातो ती जागा, आणि मग अख्खं फील्ड दाखवलं. काकूंनी माझाच फोन घेऊन सगळं शूट केलं.

व्हिडिओ खाली आहे. माझा आवाज थरथरतोय, पण मी तो म्यूट केलेला नाही.

तुमच्या जवळच्या पार्किंग लॉटच्या जागी आधी काय होतं? सांगा ना. मी बघायला येईन, आणि बोलेनसुद्धा.