अध्यक्षांचा घाम

रविवारी सकाळी धायरीत मोठ्या भावाच्या सोसायटीची वार्षिक सभा होती. तो अध्यक्ष. मी बिबवेवाडीहून नाश्त्याला गेलो होतो आणि पार्किंगमध्ये मागच्या खुर्चीवर वहिनीशेजारी बसलो होतो. विषय पाण्याच्या टँकरचा होता.

बोलता बोलता भाऊ थांबला. रुमालाने कपाळ पुसलं, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा पुसलं. थंडीचे दिवस होते. पुढच्या रांगेतले लोक स्वेटर घालून बसले होते.

"टँकरचं नाव काढलं की अध्यक्षांना घाम फुटतो," एक सभासद म्हणाले. हशा पिकला. भाऊही हसला आणि खाली बसला. शर्ट पाठीला चिकटला होता.

त्याला मधुमेह आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. सोसायटीत मधुमेही कमी नव्हते, त्यामुळे घाम म्हणजे साखर उतरली, हे निदान लगेच झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी खिशातून लिमलेटची गोळी काढली. "तोंडात धरा. आत्ता ठणठणीत व्हाल. माझं नेहमीचंय."

वहिनीने पुढे जाऊन गोळी मध्येच काढून घेतली. "आधी मोजते. यंत्र पर्समध्येच आहे."

बोटाला सुई टोचली. साखर दोनशेच्या वर होती.

"मग बरंय की, कमी नाही," काका म्हणाले. लोकांना हायसं वाटलं. वहिनीचा चेहरा मात्र उतरला.

"छातीत दुखतंय?" तिने विचारलं.

"अजिबात नाही. पित्त झालंय. तुझे पोहे तिखट होते."

"मग धाप का लागलीय?"

"तुझ्या प्रश्नांनी."

काही महिन्यांपूर्वी त्याच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की हृदयाच्या रक्तवाहिन्या खराब होतात आणि नसाही बधिर होतात. अशा माणसाला झटका आला तरी छातीत दुखेलच असं नाही; नुसता घाम, धाप किंवा मळमळ एवढंच दिसू शकतं. भाऊ तेव्हा म्हणाला होता, "म्हणजे सोयच झाली." वहिनी हसली नव्हती.

आता ती उठली. "गाडी कोण काढतंय?"

"अगं, सभा चालू आहे."

"सभा तहकूब. आणि अहो, चालायचं नाही. खुर्चीसकट उचला यांना."

रुग्णवाहिकेला फोन केला. सिंहगडाकडे निघालेल्या गाड्यांनी रस्ता भरलाय, वेळ लागेल, असं उत्तर आलं. घामाचा विनोद करणाऱ्या सभासदाची गाडी फाटकाच्या सर्वांत जवळ होती. त्यांनीच ती काढली.

धायरी फाट्याजवळ गाडी अडकली. सभासद हॉर्नवरचा हात काढत नव्हते. भाऊ मागे माझ्या खांद्याला टेकला होता, ओठ पांढरे पडले होते. "दुखत नाहीये रे," तो पुन्हा म्हणाला. या वेळी आवाजात मस्करी नव्हती.

"तेच तेच सांगू नका," वहिनी पुढून म्हणाली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

हॉस्पिटलच्या दारात कोणी काही विचारण्याआधीच ती बोलली. "मधुमेह आहे. घाम, धाप. साखर कमी नाही. ईसीजी काढा."

डॉक्टरांनी ईसीजीचा कागद पाहिला आणि भावाला चाकांच्या खुर्चीवरून थेट स्ट्रेचरवर घेतलं. झटका सुरूच होता. त्याच दुपारी अँजिओप्लास्टी झाली.

संध्याकाळी त्याने पहिला प्रश्न विचारला, "टँकरचा ठराव?"

"आपण निघाल्यावर एकमताने मंजूर. तुम्ही नव्हतात ना," वहिनी म्हणाली.

तो आता घरी आहे. चालून आल्यावर कधी घाम आला तर वहिनी यंत्र काढते. पूर्वी साखर कमी निघाली की त्या घरात धावपळ व्हायची. आता ती कमी निघाली तर घामाचं कारण सापडलेलं असतं; वहिनी साखरपाणी देते आणि निवांत खुर्चीत टेकते. पण यंत्रावर आकडा येईपर्यंत सगळे तिकडेच बघत असतात. भाऊसुद्धा.