चेहरा उजळणाऱ्या गोळ्या

बदलापूरला कुळगावात आमचं घर. मी, नवरा, सासू-सासरे आणि पहिलीतला मुलगा. दुसरं मूल नको हे आम्हा दोघांचं ठरलं होतं, पण दवाखान्यात जाऊन त्याच्या गोळ्या मागायचा मला संकोच वाटायचा. तेवढ्यात फोनवर एक जाहिरात दिसायला लागली. एक तजेलदार मुलगी कॉफी पीत सांगायची, की या गोळीने तिच्या पुळ्या गेल्या, पोटदुखी गेली, चिडचिड गेली आणि आयुष्य तिच्या हातात आलं. मूल न होणं हा त्यात जाता जाता मिळणारा फायदा होता.

मी ॲपवर नाव नोंदवलं. त्यांनी विचारलं, त्वचा तेलकट की कोरडी? स्वतःला कसं पाहायला आवडेल? मी ‘आत्मविश्वासपूर्ण’वर बोट ठेवलं. झालं, तपासणी संपली. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम घरी आल्या. गुलाबी खोकी, वर फूल आणि हसणारी बाई. आत काय आहे ते मागच्या बाजूला, इंग्रजीत, डोळे ताणून वाचावं एवढ्या बारीक अक्षरात.

“हे काय मागवलंस?” सासूबाईंनी विचारलं.

“चेहऱ्यासाठी आहे, आई,” मी म्हटलं. जाहिरातीतही तेच होतं, त्यामुळे मला ते खोटंसुद्धा वाटलं नाही.

सासूबाईंची साठी उलटलेली, बीपीची गोळी रोजची. त्यांच्या भाचीचं लग्न जवळ आलं होतं आणि तिथे धाकट्या जावेपेक्षा उजळ दिसायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. त्यांनी माझ्या कपाटातलं मागचं खोकं गुपचूप उचललं आणि रोज चहाबरोबर एक गोळी सुरू केली.

काही आठवड्यांनी त्यांचं डोकं जड व्हायला लागलं. एक पाय सुजला, पोटरी दुखायला लागली. त्या म्हणाल्या, साड्या बघत फिरले त्याचं आहे. सासऱ्यांनी ऐकलं नाही. आम्ही तिघं रिक्षाने उल्हासनगरला त्यांच्या जुन्या सिंधी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाईंनी बीपी मोजलं, पुन्हा मोजलं.

“माँजी, बीपीची गोळी बंद केली काय?”

“छे. उलट एक जास्तीची घेतेय.” सासूबाईंनी पर्समधून गुलाबी खोकं काढलं. “सुनेची आहे. चेहऱ्याला छान आहे.”

बाईंनी चष्मा लावून मागची बाजू वाचली. “माँजी, ही तर मूल होऊ नये म्हणून घेतात.”

सासरे भिंतीवरचा मधुमेहाचा तक्ता वाचत होते. त्यांनी मान वळवली नाही. “मी जरा रिक्षा बघून येतो,” म्हणाले आणि बाहेर गेले.

“होऊ नये म्हणजे?” सासूबाई म्हणाल्या. “होणार कुठून?”

मला हसू आवरेना. पण बाई पोटरी दाबून बघत होत्या आणि त्यांचा चेहरा गंभीर होता. या गोळीने बीपी चढतं, म्हणाल्या, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, ती छातीत गेली तर जिवावर बेततं. या वयात, बीपी असताना ती घ्यायचीच नाही. लगेच पायाची सोनोग्राफी करायला पाठवलं.

बाकड्यावर थांबलो असताना सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला होता. “काही झालं तर फोटो आत्ताचा लावा,” त्या हळूच म्हणाल्या. “आत्ताच जरा बरी दिसतेय.” तेव्हा मला हसू आलं नाही.

रिपोर्ट चांगला आला. गुठळी नव्हती. गोळी बंद, बीपीचं औषध बदललं. मग बाई माझ्याकडे वळल्या. “आता तू बोल. तुझं डोकं दुखतं?”

“अर्धशिशी आहे.”

“दुखायच्या आधी डोळ्यांपुढे काही चमकतं?”

नागमोडी रेषा चमकायच्या, कॉलेजपासून. हे मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

“मग ही तुलापण नाही. अशा डोकेदुखीत या गोळीने लकव्याचा धोका वाढतो. गोळी वाईट नाही बेटा, खूप बायका आरामात घेतात. पण देणाऱ्याने आधी विचारायला पाहिजे ना.”

मी नंतर तांबी बसवून घेतली. सासूबाईंचं बीपी हळूहळू खाली आलं, पण राग उतरेना. एक दिवस त्यांनी माझ्या फोनवरून कंपनीला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

“मॅम, आपका स्किन टाइप क्या है?” एका मुलीने विचारलं.

“आधी माझं वय विचार. मग बीपी विचार.”

“मॅम, मेरी स्क्रीन पे उसका ऑप्शन नहीं है।”

सासूबाईंनी फोन जवळ ओढला. मग आवाज उतरवून म्हणाल्या, “बेटा, तू खुद लेती है क्या वो गोली?”

“हां आंटी, हमको डिस्काउंट मिलता है।”

“और सिर दुखता है?”

मग त्या मुलीने हळूच विचारलं, “कौन सी साइड, आंटी?” सासूबाई पाटावर नीट मांडी घालून बसल्या आणि मला खुणेने भाजीखालचा गॅस बंद करायला सांगितला; बोलणं लांबणार होतं.