सवाष्णीची हळद

माण तालुक्याकडे नवऱ्याआधी बाई गेली की तिला भाग्यवान म्हणतात. हळद लावून न्हाऊ घालायचं, हिरवं लुगडं नेसवायचं, मळवट भरायचा, ओटी भरायची. मग जमलेल्या बायका तिच्या कपाळाचं कुंकू आपल्या कपाळी लावून घेतात, असलं मरण आपल्यालाही यावं म्हणून. धनगरवस्तीवर हे सगळं बयाबाई करायची. शेरडं-मेंढरं आणि बाजरीचं रान सांभाळून. तिचा हात हलका होता आणि मन घट्ट, म्हणून बोलावणं तिलाच यायचं.

बाप्ये मेलेलेही तिनं पाहिले होते. बांधावरून कुऱ्हाड चालली, जत्रेत दारू पिऊन कुणाचं डोकं फुटलं, तर मारणारा कोण हे दिवस मावळायच्या आत सगळ्या वस्तीला ठाऊक व्हायचं. बाई मेली की मात्र तिचा पाय घसरलेला असायचा, नाहीतर छातीत कळ आलेली असायची. आणि रडणाऱ्यांत नवरा सगळ्यांच्या पुढं! बयाबाईनं अंगावरच्या खुणा याआधीही पाहिल्या होत्या. त्यांवर तिनं हळदीचा हात जरा जाड फिरवला होता. मेलेल्या बाईची अब्रू झाकली, असं ती मनाला सांगायची. कुणाची अब्रू, हे मनानं कधी विचारलं नाही.

मग वस्तीतल्या बड्या आप्पासोंची सून समीक्षा गेली. त्यांच्या दिग्विजयची बायको, लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं. पहाटे न्हाणीत पडली म्हणे. कोरेगावाहून तिची आई मंगल यायची होती, तिच्यासाठीच काय ते थांबले होते. बाहेर तिरडी तयार होती. बायकांनी लुगड्यांचा आडोसा धरला. बयाबाईनं पोरीचे केस मागं सारले, तर गळ्याच्या दोन्ही बाजूंना काळीनिळी बोटं उठलेली. न्हाणीला बोटं नसतात.

"आत्ती, हळद लावा की. ऊन चढाय लागलं," समीक्षाची जाऊ म्हणाली. खुणा तिलाही दिसल्या होत्या. आडोसा धरलेल्या सगळ्याच खाली बघत होत्या.

बयाबाईनं हळदीची वाटी उचलली. तिचं सगळं रान आप्पासोंच्या विहिरीवर भिजत होतं. तेवढ्यात मंगल आली आणि लेकीच्या पायाशी कोसळली.

बयाबाईनं वाटी खाली ठेवली. "मंगल, हिकडं ये बाय. लेकीचा गळा बघ."

मंगलनं बघितलं. त्या खुणांवरून आपली बोटं फिरवली. मग ती हात जोडून म्हणाली, "आवं, तरी पन ओटी भरा तिची. सवाष्ण गेली म्हनून तेवढा तरी मान मिळू दे माज्या लेकराला."

बयाबाईच्या काळजाचं पाणी झालं. संतापही आला, मंगलचा नव्हे, आजवर फासलेल्या हळदीचा. "ज्यानं मारली त्याच्या नावाचं कुकू लावू व्हय हिला? पोलिसाला फोन लाव. मी उठल्याबिगर हिला कोन उचलत न्हाई."

बाहेरून आप्पासो गरजले, "बया, तुजं रान माज्या पान्यावर हाय, इसरू नगो!"

"वाळू द्या," ती म्हणाली आणि पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मंगलनं डोळे पुसले आणि फोन लावला. पोलिसांची गाडी येईपर्यंत बयाबाई जागची हलली नाही.

दवाखान्यानं गळा दाबल्याचं लिहिलं. दिग्विजयला नेलं. विहिरीचं पाणी तुटलं, बाजरी करपली. बयाबाईला न्हाऊ घालायला बोलावणं बंद झालं. तिचा नवरा तानाजी मात्र एकदा भाकरी मोडता मोडता म्हणाला, "बरं केलंस." तेवढ्यावर ती पुढं तगली.

आणि एका दुपारी वस्तीवरल्याच अर्जुनाची तरणी बायको मेंढरांच्या वाड्यापाशी आली. इकडंतिकडं बघून तिनं गळ्यावरचा पदर बाजूला केला. तिथंही तशीच बोटं उठलेली. बयाबाईनं हातातली वैरण टाकली, चप्पल पायात घातली. "चल. आदी पोलीस ठान्यात, मग तुज्या म्हायेरी."

एसटीत बसल्यावर बयाबाईला हुंदका आवरेना. पोरगी घाबरली. "आत्ती, तुमी का रडताय?"

"जिती आलीस गं," बयाबाई म्हणाली. "माज्याकडं जिती आलीस."