चाड्यावरची मूठ

आमच्या दाजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, वेगाचं वेड होतं आणि राहायला ते बीड जिल्ह्यात होते. या दोन गोष्टींचा मेळ घालताना माणूस किती हास्यास्पद होतो, ते मी अगदी जवळून पाहिलं. मला त्यांची कधी कीव आली नाही.

गाडी पुण्याहून आणलेली. जुनी, पण लालभडक आणि बुटकी. आठ सेकंदांत शंभरला जाते, असं ते भेटेल त्याला सांगत. आमच्या गावच्या रस्त्यावर ती तिसऱ्या गेरच्या पुढं कधी गेली नाही. गतिरोधक आला की दाजी आतल्या माणसांना उतरवत, गाडी तिरकी करून पोट घासत पलीकडं नेत आणि सगळ्यांना पुन्हा बसवत. त्यांच्यासोबत नेकनूरला जायचं म्हणजे निम्मी वाट पायीच. टँकरपाशी घागरी घेऊन उभ्या असलेल्या बाया तेवढ्यापुरतं आपसातलं भांडण थांबवून हा तमाशा बघायच्या.

दाजी सहकारी साखर कारखान्याचे संचालक होते. रानात ऊसच नव्हता, त्यामुळं कारखान्याचं धुराडं थंड पडलं होतं. संचालक मंडळ मात्र जोरात चालू होतं. बैठका व्हायच्या, ठराव व्हायचे, चहा व्हायचा. शिवाय दाजींकडं जनावरांची एक चारा छावणी होती. दुष्काळ काही माणसांना मानवतो. दाजींच्या अंगावर त्या वर्षी चांगली तुकतुकी आली होती.

मी बीडला दूध संघात कामाला होतो. चाऱ्यावाचून गावोगावचं दूध आटलेलं, त्यामुळं संघात खुर्ची गरम करण्यापलीकडं काम नव्हतं. दाजींना हे ठाऊक होतं. गाडीसाठी काही घ्यायचं निघालं की ते संघाच्या दारात येऊन हॉर्न वाजवत आणि मला उठावं लागे. बहिणीच्या नवऱ्याला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नव्हती. त्या उन्हाळ्यात त्यांनी मनावर घेतली ती गेरची मूठ. ते तिला ऐटीत ‘नॉब’ म्हणत.

कंपनीची मूळ मूठ काळी, रबरी आणि बिनतक्रार होती. तिचा दोष एवढाच की ती सगळ्यांच्या गाडीत असते. मग जालना रोडवरच्या डेकोरवाल्याकडं आमच्या खेपा सुरू झाल्या. पहिल्यांदा आला पोलादी गोळा. मूठ जड असली की गेर आपोआप पडतो, असं डेकोरवाल्यानं सांगितलं आणि दाजींनी ते वेदवाक्य मानलं. गाडी दुपारभर कारखान्यासमोर उन्हात उभी राहिली, सायंकाळी दाजींनी गेर टाकायला गोळा धरला आणि तळहाताला फोड घेऊन घरी आले. पुढं चार दिवस ते रुमालानं गेर टाकत होते. मग काचेसारखी एक आली, आत खरा विंचू गोठवलेला. ती तडकली. मग कवटी आली, ब्रेक दाबला की लाल डोळे पेटणारी. तिच्या शेजारी बसायला बहिणीनं साफ नकार दिला. लग्नानंतर तिनं नवऱ्याला नकार दिल्याचं मला आठवतं ते एवढंच.

शेवटी मोबाईलवर त्यांना कुठूनसं कळलं की परदेशात शौकीन लोक जुन्या जहाजांच्या लाकडाची मूठ करून घेतात. लाकूड उन्हात तापत नाही, आणि त्याला म्हणे इतिहास असतो. झालं. आता दाजींना घराण्यातलं लाकूड हवं होतं. त्यांच्या स्वतःच्या घरात असलं काही उरलं नव्हतं. लाकडी म्हणून होतं नव्हतं ते बंगला बांधताना त्यांनीच विकून टाकलं होतं.

त्या वर्षी आषाढ दोन आले. पहिला अधिकाचा, म्हणजे धोंड्याचा महिना. या महिन्यात लेकीला आणि जावयाला जेवायला बोलावतात, तेहतीस अनारशांचं वाण देतात, आणि जावयानं काही मागितलं तर आमच्याकडं सासू नाही म्हणत नाही. या महिन्याला धोंड्याचा का म्हणतात, याचं उत्तर त्या दिवशी आमच्या घरात पाटावर बसून पुरण ओरपत होतं. आईनं टँकरचं पाणी राखून राखून तो स्वयंपाक केला होता. दाजींनी येण्याआधी गाडी धुऊन घेतली होती, ती अंगणात चमकत होती.

जेवण झालं आणि हात धुवायला म्हणून दाजी गोठ्याकडं गेले. तिथं खुंटीला चाडं टांगलेलं होतं.

तिफणीवर, म्हणजे पेरणीच्या अवजारावर, मधोमध एक लाकडी वाटी बसवलेली असते, तिच्या तळाला तीन भोकं. पुढं माणूस बैल हाकतो, मागून बाई चालते. ती वाटीवर बियाण्याची मूठ धरते आणि बोटांच्या फटींतून बी सोडत जाते. ते तीन नळ्यांतून तीन तासांत, म्हणजे रानातल्या तीन ओळींत, पडतं. या वाटीला चाडं म्हणतात. आमचं चाडं बाभळीचं होतं आणि आई या घरात नांदायला आली तेव्हापासून त्यावर तिचीच मूठ होती. तिच्या मनगटानं त्याची एक कड झिजून गुळगुळीत झाली होती. वडील गेले, गावात ट्रॅक्टरची पेरणी आली, तरी घराजवळचं रान ती शेजाऱ्याचे बैल मागून तिफणीनंच पेरी. एकदा मूठ धरली की तास संपेपर्यंत उचलायची नाही, हा तिचा नियम. मध्येच मूठ उचलली तर तेवढी जागा मोकळी राहते आणि वर्षभर डोळ्यांत खुपते. तिच्याकडं दागिना म्हणावा असं काही नव्हतं. मानानं मिरवावं असं तिच्याजवळ होतं ते हे चाडं.

दाजींनी ते खुंटीवरून काढून उलटसुलट पाहिलं. कशानं तरी प्रसन्न झालेला त्यांचा तो चेहरा आठवला की मला आजही चीड येते.

“मामी, हे मला द्या,” ते आईला म्हणाले. “याचा नॉब करतो.”

आईनं माझ्याकडं बघून विचारलं, नॉब म्हणजे काय. मी म्हणालो, गेरची मूठ. बहीण मध्येच म्हणाली की दे की आई, आता पाऊस कुठाय पेरायला. नवऱ्याला पुरण वाढता वाढता तिची अक्कलही त्यातच वाढून झाली असावी.

आईनं दाजींना विचारलं, “मुठीलाच पायजे ना?”

“व्हय, मुठीलाच.”

“मग न्या. मुठीसाठीच हाय ते.”

दुसऱ्याच दिवशी आम्ही बीडला खराद्याकडं गेलो. हा माणूस पलंगाचे पाय आणि लाटणी करायचा. चाड्याचं काय करायचं ते ऐकून त्याला काडीचंही वाईट वाटलं नाही. वाटीची कड त्यानं कापून बाजूला फेकली, ती आईच्या मनगटानं झिजलेली कड. तळाचा भरीव गोळा यंत्रावर चढवला आणि फिरवून पेरूएवढा केला. तीन भोकांपैकी मधल्यात पितळी नट ठोकला, बाकी दोन लाखेनं बुजवली. दाजी मोबाईलवर त्याचं चित्रीकरण करत होते. मी कड उचलून पिशवीत टाकली. भुसा पायाखाली पडला होता. तिथं उभं राहून मला दाजींचा, खराद्याचा आणि त्या यंत्राचा सारखाच तिटकारा आला.

बसवताना कळलं की गाडीच्या दांडीचे आटे बारीक आहेत आणि नटाचे जाड. शहाण्या माणसानं नट बदलला असता. पण दाजींना संध्याकाळी संचालकांना नॉब दाखवायचा होता. मग डेकोरवाल्यानं नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप दांडीला गुंडाळली आणि वरून मूठ दाबून फिरवली. जिल्ह्यात नळाला पाणी नव्हतं, टेप मात्र मुबलक होती. मूठ बसली, पण तिच्यावर कोरलेले गेरचे आकडे वाकडेच राहिले, आणि चार दिवसांआड ती सैल व्हायची. दाजी ती पिळून घट्ट करत आणि ‘हॅन्डमेड’ आहे म्हणून सांगत.

आणि पुष्य नक्षत्रात पाऊस झाला. फार नाही, पण पेरण्याजोगा. मी धावत पाटोद्याच्या बाजारातून नवं चाडं आणलं. आईनं त्यावर मूठ धरली, दोन तास केले आणि म्हणाली, “हात बसत न्हाई.” तरी तिनं रान पेरून काढलं. तूर उगवली तेव्हा सगळ्या गावाला दिसलं, कुठं झुबके, कुठं नुसती माती. जाणारी येणारी माणसं बांधावर थांबून विचारायची, यंदा कोणाकडून पेरून घेतलं. आई सांगायची, मीच पेरलं. दाजींना मी तेव्हा मनातल्या मनात जे म्हणालो ते इथं लिहिता येणार नाही.

ऑक्टोबरच्या उन्हात कारखान्याची निवडणूक लागली. वडिलांच्या मागं त्यांचा शेअर आईच्या नावावर झाला होता, म्हणजे ती मतदार. एवढे दिवस न फिरकलेले दाजी मतदानाच्या सकाळी कडक इस्त्रीत, गळ्यात पॅनलचं उपरणं घालून दारात हजर झाले. सासूला पुढच्या सीटवर बसवून, लोकांच्या देखत नेकनूरच्या शाळेत मतदानाला न्यायचा त्यांचा बेत होता. मला मागं कोंबलं; तिथं माणसांसाठी जागा नव्हतीच, सगळे स्पीकर भरलेले.

दाजींनी पहिला गेर टाकून गाडी हलवली. आई इतका वेळ मांडीवर हात ठेवून बसली होती. तिनं खाली पाहिलं, उजवा हात उचलला, आणि त्या लाकडावर मूठ धरली.

वेशीपाशी गाडी रडायला लागली. दुसरा गेर टाकायला दाजींचा हात आला आणि अधांतरी थांबला. सासूच्या हाताला जावई हात लावत नाही; आमच्यात तर तिच्यासमोर मोठ्यानं बोलतही नाही. त्यातून वेशीवर मतदार उभे होते.

“मामी, हात काढा जरा,” दाजी हळू म्हणाले. “गेर टाकायचाय.”

आई समोर रस्त्याकडं बघत होती. “तुमी हाका,” ती म्हणाली. “मूठ मी धरते.”

“आवं पर मामी...”

“तास संपल्याबिगर मूठ उचलत न्हाईत.”

आठ सेकंदांत शंभरला जाणारी ती गाडी नेकनूरपर्यंत पहिल्या गेरमध्ये गेली. इंजिन बोंबलत होतं. दाजींचा घाम कानामागून उपरण्यात उतरत होता. पाठीमागं जीप, ट्रॅक्टर आणि मतदारांची बैलगाडी तुंबली, मग एकेक करून सगळे पुढं निघून गेले. बैलगाडीवाल्यानं जाताना वाकून आत बघितलं आणि दाजींना रामराम घातला. दाजींना परत करावा लागला. मी स्पीकरांच्या मध्ये गुडघ्यांत डोकं घालून हसत होतो. गतिरोधकावर आई उतरली नाही, आणि तिला उतरा म्हणायची दाजींची छाती झाली नाही. गाडीचं पोट तळातून खरवडून निघालं.

शाळेच्या फाटकापाशी दाजींनी इंजिन बंद केलं. आईनं मनगट फिरवलं. टेप सैलच झाली होती; दोन पिळांत मूठ दांडीवरून सुटून तिच्या हातात आली. खाली उतरून तिनं पदर सारखा केला आणि जावयाकडं पाहिलं.

“लई सावकाश हाकली,” ती म्हणाली. “बी दाट पडलं आसल.”

मग ती मूठ मिटूनच मतदानाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मत कुणाला दिलं ते तिनं कधी सांगितलं नाही. परत येताना आम्ही मायलेक एसटीनं आलो. घरी आल्यावर मी पिशवीतली ती झिजलेली कड काढून दिली, तेव्हा तिनं दोन्ही तुकडे एका फडक्यात बांधून त्याच खुंटीला टांगले.

दाजींची गाडी दुपारपर्यंत फाटकाबाहेर भर उन्हात उभी होती. आमची एसटी निघाली तेव्हा ते आत बसलेले दिसले. गेरची उघडी लोखंडी दांडी वर आली होती, आणि पॅनलचं उपरणं हाताला गुंडाळून ते ती धरायला बघत होते.