मोजणीबाई आणि माझं टॉवरचं पत्रक

मोजणीबाई चहासुद्धा नाव झाकून प्यायच्या. दोन कंपन्यांचा चहा माझ्याकडून दोन कपांत ओतून घ्यायच्या, तोवर भिंतीकडे तोंड करून बसायच्या आणि मग चव घेऊन निकाल द्यायच्या. "आधी नाव कळलं की जीभ खोटं बोलते," असं त्यांचं म्हणणं. हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं मोजण्यात त्यांचा जन्म गेला होता. तिथेही काचपट्टीवरचं पेशंटचं नाव कागद चिकटवून झाकायचं आणि आकडा लिहून झाल्यावरच कागद काढायचा, हा त्यांचा शिरस्ता.

निवृत्त होऊन त्या सदाशिव पेठेत एकट्याच राहत होत्या. मी त्यांच्याकडे गेले ती एका तक्रारीवर जाणकाराची सही मागायला. खराडीत आमच्या सोसायटीच्या गच्चीवर रहिवाशांना न विचारता मोबाइलचा टॉवर उभा केला होता. त्याविरुद्ध मी पत्रकही काढलं होतं आणि मथळा दिला होता, 'पोटातल्या बाळाच्या जनुकांची राखरांगोळी!'

बाईंनी चष्मा पुसला. "राखरांगोळी? पाहिली कोणी?"

"आमच्या इमारतीत गर्भपात झालेत, बाई. मी दारोदार फिरलेय."

"काय विचारलंस?"

"टॉवर आल्यापासून कोणाचा गर्भपात झाला का, म्हणून."

"वा! आणि टॉवर नसलेल्या इमारतीत?"

तिथे मी गेलेच नव्हते.

"म्हणजे नाव न झाकताच मोजलंस. जा, तिथेही विचार. आणि टॉवरचा ट काढू नकोस."

चरफडत गेले. त्या इमारतीतही दारं उघडली आणि बायका सांगू लागल्या. तिथेही तितकंच दुःख होतं. मी परत येऊन बाईंवरच भडकले. "तुम्ही कंपनीच्या बाजूच्या आहात!"

"मी मोजणाऱ्यांच्या बाजूची. कंपनी म्हणाली काहीच होत नाही, तर तिलाही विचारीन, मोजलंत कसं? प्राण्यांवरचे प्रयोग एकमेकांशी भांडतायत. या लहरींनी पोटातल्या बाळाची जनुकं बिघडतात, हे सिद्ध झालेलं नाही. कधीच बिघडणार नाहीत, अशी शपथ मीही घेणार नाही. न विचारता टॉवर उभारला, हे खरं ना? मग त्यावर भांड की."

पण तोवर पत्रकं वाटून झाली होती. एक आमच्याच घरी होतं. आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो आणि वहिनीला चौथा महिना होता. आयटी कंपनीत दिवसभर कोड लिहिणारी, सहजासहजी न घाबरणारी माझी वहिनी पत्रक हातात धरून म्हणाली, "मीना, ठेवू का गं हे बाळ?"

"अगं, ते... पत्रकात असंच लिहितात."

"तू लिहिलंयस ना? मग सांग."

मी तिला बाईंकडे नेलं. "मी डॉक्टर नाही, तुमच्या डॉक्टरांना भेटाच," बाई म्हणाल्या. "पण या कागदावरून बाळाचा निर्णय करायचा नाही. खोली बदलून बरं वाटत असेल तर बदला, त्यात नुकसान काही नाही."

"पण नक्की काही होणार नाही ना?"

बाई पुसलेलाच चष्मा पुन्हा पुसत राहिल्या. त्यांना खोटं बोलावंसं वाटतंय, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. "नक्की हा शब्द माझ्याकडे नाही गं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी वहिनीचा हात धरून ठेवला.

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. वहिनीने बाळ ठेवलं, पण उरलेले महिने आमच्या घरात कोणी मोकळा श्वास घेतला नाही. प्रत्येक सोनोग्राफीला मी बाहेरच्या बाकावर नखं खात बसायचे.

मुलगी झाली. मी बाईंना फोन केला. "बाई, सगळं छान आहे!"

"एका बाळावरून काही सिद्ध होत नाही," त्या ठसक्यात म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "लगेच रडली ना? वजन किती? बोटं पाहिलीस?"

त्यानंतरच्या थंडीत बाई गेल्या. टॉवर अजून उभा आहे आणि परवानगीवरून आमचं भांडण चालू आहे. तो मथळा मी जाहीरपणे मागे घेतला, तेव्हा आमच्याच कार्यकर्त्यांनी मला भित्री म्हटलं. म्हणू देत.

भाची आता दोन वर्षांची आहे. तिला ताप आला, एखादा शब्द उशिरा फुटला, की वहिनी माझ्याकडे बघते. "तुझ्या पत्रकातलं तर नसेल ना गं हे?"

"नाही वहिनी. ते मी न तपासता लिहिलं होतं."

"हो, माहितीये," ती म्हणते. आणि पोरीच्या कपाळावरचा हात काही काढत नाही.