पॉलिशमामा आणि तीन गुणांची रेघ

पॉलिशमामांनी सव्वीस वर्षं एकच लाकडी फरशी सांभाळली. आमच्या व्यावसायिक बास्केटबॉल क्लबाचं मैदान म्हणजे ती फरशी, आणि मी त्याच क्लबाच्या तिकीट खिडकीवर. सकाळी मी खिडकी उघडायच्या आधीच मामा अनवाणी मैदानभर फिरत असायचे. कुठे पॉलिश उडालंय, कुठली फळी करकरतेय, हे त्यांच्या तळपायांना कळायचं.

त्या फरशीवरूनच त्यांचं मत बनलं होतं. "पूर्वी दर वर्षी रिंगखालचं पॉलिश निघायचं," ते सांगत. "धिप्पाड माणसं तिथे खांद्याला खांदा भिडवायची. आता तिथे तोंड बघून भांग पाडता येतो. झिजते ती लांबची रेघ. तिथून टाकला की दोनाऐवजी तीन गुण, म्हणून जो तो तिथूनच चेंडू भिरकावतोय. तीन गुणांच्या हावेपायी खेळाचा पार बट्ट्याबोळ झालाय."

मामींचं बरोब्बर उलटं. त्या निवृत्त बस कंडक्टर, उंची जेमतेम पाच फूट. "अहो, तुमच्या त्या खेळात ताडमाडांचीच चलती. आता बुटक्या पोरांनाही संधी मिळते. लांबून फेकलेला चेंडू हवेत असतो ना, तेवढा वेळ माझा श्वास अडकतो. तुमच्या ढकलाढकलीत कधी अडकला होता?"

चाळीस वर्षांच्या संसारात भांडायला त्यांच्याकडे एवढा एकच विषय उरला होता, म्हणून दोघंही तो जिवापाड जपत.

मामांचा लाडका खेळाडू म्हणजे शिडी. जवळजवळ सात फूट उंच, रिंगखाली कुणाला ऐकायचा नाही. पण लांबून नेम शून्य, त्यामुळे प्रशिक्षकांनी त्याला दोन मोसम बाकावरच बसवून ठेवलेलं. मामांना त्याचं फार वाईट वाटायचं.

मोसमातला शेवटचा सामना दुपारी होता. मध्यंतरासाठी क्लबाने एक टूम काढली. एका कर्मचाऱ्याच्या नावाची चिठ्ठी काढायची आणि त्याने तीन गुणांच्या रेघेवरून एकदाच चेंडू टाकायचा. चिठ्ठी निघाली मामांची. माइकवाल्याने त्यांच्या हातात चेंडू दिला. मामा रेघ ओलांडून थेट रिंगखाली जाऊन उभे राहिले.

"मामा, रेघ मागे राहिली."

"राहू दे. ती मीच आखलीय. माझा खेळ इथला."

चार हजार माणसं खो खो हसली. मामांनी नेम धरला. चेंडू रिंगच्या कडेवर बसला, दोन गिरक्या घेतल्या, जरा विचार केला आणि बाहेर पडला.

तेवढ्यात प्रेक्षकांतून मामी काखेत पर्स मारून पायऱ्या उतरताना दिसल्या. भरल्या बसमधून वाट काढण्यात हयात गेलेल्या बाईला कोण अडवणार? त्या माइकवाल्यासमोर उभ्या राहिल्या. "ह्यांचं चुकलं. आता मी टाकते."

"पण आजी, तुम्ही कर्मचारी नाही."

"कर्मचाऱ्याचा डबा मी करते."

सगळं स्टेडियम मामींच्या बाजूने टाळ्या पिटायला लागलं. त्या पर्स खाली ठेवायला वाकल्या, तर मामा धावत आले. "अगं, फरशीवर नको, बक्कल घासेल." पर्स त्यांनी स्वतःच धरली आणि परत रिंगखाली जाऊन उभे राहिले.

मामींनी रेघेवर पाय जुळवले, गुडघे वाकवले आणि दोन्ही हातांनी खालून चेंडू उडवला. चेंडू असा काही चढला की मीसुद्धा खुर्चीतून उठलो. पण हातभर कमी पडला. खाली शिडी हातपाय मोकळे करत होता. त्याने सवयीने चेंडू झेलला. मग त्याच्या काय मनात आलं कोण जाणे, त्याने खाली बसून मामांना खांद्यावर घेतलं, उभा राहिला आणि चेंडू त्यांच्या हातात दिला. मामांनी तो रिंगमधून खाली आपटला. घाईत दुसरा हातही आपटला. चेंडूपाठोपाठ पर्सही जाळीतून गेली, आणि चष्म्याचं घर, कंगवा आणि खोकल्याच्या गोळ्या मैदानभर उधळल्या. दोन्ही पंच गुडघ्यांवर बसून गोळ्या वेचत होते आणि हसत होते.

मग लोकांनी शिडीच्या नावाचा असा गजर लावला की शेवटी प्रशिक्षकांनी त्याला मैदानात उतरवलं. सहा मिनिटांत त्याने बाकीच्यांच्या चुकलेल्या फेकींतले सात चेंडू हिसकावले. तरी आम्ही एका गुणाने हरलो. समोरच्यांनी शेवटच्या क्षणी लांबून चेंडू टाकला, आणि तोही तीन गुणांचा. एरवी मामांनी आठवडाभर तोंड पाडलं असतं. त्या दिवशी त्यांचं हसू आवरत नव्हतं.

घरी जाताना मी दोघांच्या बरोबर होतो.

"मी उडवला म्हणून चेंडू तिथवर पोचला," मामी म्हणाल्या.

"आणि खाली कुणीतरी होतं म्हणून वाया गेला नाही."

"म्हणजे दोन्ही लागतं, असंच ना?"

"मी असं कुठे म्हटलं?" मामा म्हणाले. "खेळ बिघडलाय तो बिघडलायच." थोडं चालून ते थांबले. "पण गुडघे वाकवून तू नक्की काय केलंस, ते परत एकदा दाखव बरं."

मामींनी भर रस्त्यात दाखवलं. मामांनी खिशातल्या रुमालाचा बोळा केला, पावलं मोजून मागे सरकले आणि कोपऱ्यावरच्या कचराकुंडीवर नेम धरला.